सरांचे काम पुस्तकांच्या यादीत सापडणार नाही

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विद्यापीठात अनेक वर्षे प्राचीन भारतीय इतिहास आणि पुराभिलेखविद्या, म्हणजे जुने कोरीव लेख वाचण्याची विद्या, शिकवणाऱ्या आमच्या सरांच्या निधनाची बातमी आपल्या ठाणे आवृत्तीत गेल्या आठवड्यात प्रसिद्ध झाली. निवृत्त प्राध्यापकाच्या जाण्याची दखल घेण्याइतकी जागा हल्ली वृत्तपत्रात सहजासहजी मिळत नाही, म्हणून प्रथम आपले मनःपूर्वक आभार. त्या बातमीत सरांचे जन्मगाव, शिक्षण, निवृत्तीचे वर्ष आणि त्यांच्या एकुलत्या एका पुस्तकाचा उल्लेख होता, आणि त्यापुढे ‘त्यांनी मोजकेच लेखन केले’ असे एक वाक्य होते. ते वाक्य खरे आहे. परंतु सरांना न ओळखणारा वाचक त्यावरून असे समजेल, की हा माणूस विद्वान होता खरा, पण त्याच्या हातून फारसे काम झाले नाही. हा समज तसाच राहू नये, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. सरांचे नाव बातमीत येऊन गेलेले आहे. आम्ही त्यांना आयुष्यभर ‘सर’ अशीच हाक मारली, म्हणून येथेही तसाच उल्लेख करते.

सरांचा विषय होता उत्तर कोकणचे शिलाहार. नवव्या शतकाच्या सुरुवातीपासून तेराव्या शतकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे सुमारे साडेचारशे वर्षे, या घराण्याने आपल्या भागावर राज्य केले. त्यांच्या लेखांत ज्या नगराला श्रीस्थानक म्हटले आहे ते आपले ठाणे. ठाण्याचा इतिहास विचारला की १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत धावलेली पहिली आगगाडी बहुतेकांच्या तोंडी असते, आणि तो अभिमान योग्यच आहे. मात्र एम.ए.च्या पहिल्या तासाला सर वर्गात विचारत, की ठाण्याहून कोण कोण येते. हात वर झाले की त्या मुलांच्या हाती ते एका ताम्रपटाच्या छायाचित्राची प्रत देत. आज ज्या किल्ल्यात मध्यवर्ती कारागृह आहे तेथे १७८७ साली बांधकामासाठी खोदताना तीन ताम्रपट सापडले. अरिकेसरी या शिलाहार राजाने शके ९३९ मध्ये, म्हणजे इ.स. १०१७ मध्ये दिलेले ते दानपत्र. त्याचे भाषांतर ‘एशियाटिक रिसर्चेस’ या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात छापले गेले. भारतातील कोरीव लेखांचा आधुनिक अभ्यास जेथून सुरू झाला त्या अगदी आरंभीच्या कागदांत ठाण्याचा एक लेख आहे, ही गोष्ट आमच्यापैकी कोणालाही, अगदी किल्ल्याच्या भिंतीलगत राहणाऱ्या मुलांनाही, ठाऊक नव्हती.

पण सर हे सगळे लगेच सांगत नसत. प्रत हाती दिल्यावर ते एवढेच म्हणत, की यातली कोणतीही एक ओळ वहीत उतरवून काढा. वाचायची नाही, अर्थ लावायचा नाही, अक्षर जसे दिसते तसे चित्रासारखे काढायचे. पुढचे काही तास हेच चाले. ज्यांना संस्कृत येत असे ती मुले सर्वांत आधी चुकत, कारण शब्द ओळखू आला की डोळा पुढची अक्षरे पाहायचेच सोडून देतो आणि मन ती स्वतःच्या पदरची भरते. ज्यांना काहीच येत नसे त्यांच्या वहीत मात्र काना कोठे तुटला आहे, अनुस्वार आहे की दगडाची वा पत्र्याची खोच आहे, हे बरोबर उतरलेले असे. सर दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवत आणि कोणालाही काही न बोलता पुढच्या बाकाकडे जात. लेख वाचण्याआधी तो पाहावा लागतो, हे त्यांनी आम्हांला वाक्यात कधी सांगितल्याचे मला आठवत नाही. त्यांनी ते हाताला लावले.

माझ्या मते सरांच्या शिकवण्याचे मर्म अंबरनाथच्या तासात होते. अंबरनाथच्या शिवमंदिरात उत्तरेकडील दारावर एक कोरीव लेख आहे. एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे वैद्य आणि संशोधक डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला तेव्हा त्यातील शक ७८२ असा लावला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तोच शक ९८२ असा वाचला, आणि आज मंदिराचा काळ म्हणून जे इ.स. १०६० हे वर्ष सर्वत्र दिले जाते ते या दुसऱ्या वाचनावर उभे आहे. एका अंकाच्या वाचनाने दोनशे वर्षांचा फेर पडतो. सर फळ्यावर दोन्ही आकडे लिहीत आणि कोणता बरोबर ते सांगत नसत. वाद घालायचा, पण अक्षराच्या वळणावरून, लेखात आलेल्या राजाच्या नावावरून आणि त्याच राजाच्या इतर लेखांवरून. ‘अमुक पुस्तकात असे आहे’ हे उत्तर त्या तासाला चालत नसे. वर्ग स्वतःच्या पायांनी ९८२ पर्यंत पोचला की मग ते भगवानलालांची हकिकत सांगत. जुनागढहून आलेला हा तरुण भाऊ दाजींचा साहाय्यक होता. त्यांच्यासाठी देशभर हिंडून त्याने लेखांच्या नकला केल्या, त्यांच्याच हाताखाली तयार झाला, आणि अंबरनाथच्या बाबतीत आपल्याच गुरूचे वाचन त्याने बदलले. सर हे सांगताना भगवानलालांची थोरवी जेवढी सांगत तेवढीच भाऊ दाजींचीही सांगत. पहिले वाचन प्रसिद्ध करण्याची जोखीम कोणीतरी घेतली, म्हणून दुसऱ्याला ते तपासता आले, असे त्यांचे म्हणणे असे, आणि ‘माझे वाचन खोडायला तुमच्यापैकीच कोणीतरी यायचे आहे’ असे ते त्याच ओघात म्हणून जात.

बहुतेक प्राध्यापक असे काहीतरी म्हणतात. सरांच्या बाबतीत ते प्रत्यक्ष घडलेले आम्ही पाहिले आहे. त्यांच्या पुस्तकातील एका शिलालेखाच्या तिथीबद्दल आमच्या मागच्या वर्गातील एका विद्यार्थ्याला शंका आली. हा मुलगा भिवंडीहून येत असे, वडील यंत्रमागावर कामाला, स्वभाव अतिशय भिडस्त. तासात उठून बोलण्याऐवजी त्याने आपली शंका कागदावर लिहून सरांच्या टेबलावर ठेवली. सरांनी तो कागद घरी नेला, आठवडाभर त्यावर काहीच बोलले नाहीत, आणि नंतर पाच-सहा जणांना घेऊन भल्या पहाटे पुन्हा त्या दगडापाशी गेले. पहाटेच का, तर सूर्य क्षितिजालगत असताना त्याचे तिरपे ऊन अक्षरांच्या खोबणीत शिरते आणि दुपारी सपाट दिसणारी रेघ त्या वेळी सावलीसकट उठून दिसते. त्या उजेडात सरांनी तो अंक पाहिला, बोटाने त्याच्या कडेवरून हात फिरवला, मुलाला पुढे बोलावून त्यालाच मोठ्याने वाचायला लावले आणि ‘तुझे बरोबर आहे’ असे सर्वांसमोर म्हणाले. त्याबद्दलचे टिपण पुढे एका संशोधन-पत्रिकेत छापून आले ते त्या विद्यार्थ्याच्या एकट्याच्या नावाने. त्यात सरांचे नाव आहे, पण ज्यांचे आधीचे वाचन आता सोडून द्यावे लागते ते लेखक म्हणून. एवढ्यावर न थांबता, ज्या ज्या ग्रंथालयांत आपले पुस्तक गेले आहे त्यांना सरांनी स्वतः पत्रे लिहून शुद्धिपत्राची चिठ्ठी त्या पानावर चिकटवण्याची विनंती केली. ठाण्यातील एका ग्रंथालयातील प्रतीत ती चिठ्ठी, सरांच्या बारीक आणि सरळ अक्षरांत, मी पाहिली आहे.

आता ज्याने अशी चिठ्ठी स्वतःच्या पुस्तकात चिकटवून घेतली, त्याने पुस्तके थोडी लिहिली यात नवल काय? प्रत्येक विधान दगडापर्यंत परत जाऊन पडताळायचे असे एकदा ठरवले की लेखनाचा वेग उरत नाही. हा सरांचा दोष होता असे मानणारे त्यांचे काही सहकारी होते, आणि विद्यापीठीय बढत्यांच्या हिशेबात त्यांना त्याची किंमतही मोजावी लागली. मला ते तेव्हा अन्यायाचे वाटत असे, आजही वाटते.

शिलालेखाचा कागदावर ठसा घेण्याचे काम सरांकडून जे शिकले त्यांना त्यांच्या शिस्तीची आठवण कधीही पुसता येणार नाही. दगड आधी साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवायचा. तारेचा ब्रश, चाकू, आम्ल यांपैकी काहीही जवळ आणायचे नाही. अक्षरे दिसावीत म्हणून त्यांत रांगोळी किंवा खडूची पूड भरण्याची पद्धत अनेकांत आहे, ती सरांना मुळीच खपत नसे, कारण पूड भरणारा माणूस जे वाचू इच्छितो तेच तो भरतो आणि मग छायाचित्रातही तेच येते. दगड ओला असतानाच पाणी शोषणारा जाडसर कागद त्यावर अंथरायचा, मधोमधून कडेकडे ब्रशने ठोकत हवेचे फुगे बाहेर काढायचे, कागद फाटणार नाही पण प्रत्येक खोबणीत बसेल अशा बेताने ठोकत राहायचे. तो अर्धवट सुकला की शाईचा बोळा हलक्या हाताने वरून टेकवत जायचा. उंच भाग काळा होतो, खोबणीतली अक्षरे पांढरी राहतात. या अर्धवट सुकण्याची वेळ साधणे हेच खरे कसब. लवकर शाई लावली तर ती पसरते, उशीर झाला तर कागद दगड सोडतो आणि सगळी मेहनत वाया जाते. त्या मधल्या वेळात सर आम्हांला बोलू देत, डबे उघडू देत, पण स्वतः मात्र कागदाच्या कडेला बोट लावून बसलेले असत, आणि ‘हं, घ्या आता’ असे म्हणत तेव्हा हातातला घास टाकून उठावे लागे. मी पुढे कनिष्ठ महाविद्यालयात शिकवू लागले, माझा शिलालेखांशी रोजचा संबंध राहिला नाही, तरी ओलसर कागदाला बोट लावून त्याची वेळ ओळखणे मला अजून येते.

या भागात गावोगावी गधेगाळ नावाचे दगड आढळतात. वरच्या बाजूला सूर्य आणि चंद्र, मध्ये दानाचा लेख, आणि खाली ते दान मोडणाऱ्याला दिलेल्या शापाचे चित्र, गाढव आणि स्त्री यांचे. शब्दांत सांगताना आजही लोकांना संकोच वाटावा असे ते चित्र असते. वर्गात त्याची पारदर्शिका पडद्यावर आली की मागच्या बाकांवर हसणे सुरू होई आणि मुली खाली पाहू लागत. सर यावर रागावत नसत किंवा तो भाग गाळतही नसत. ते अगदी साध्या आवाजात तो शाप जसाच्या तसा वाचून दाखवत आणि लगेच पुढचा प्रश्न टाकत: परळला मिळालेल्या बाराव्या शतकातील शिलालेखात राजाचे नाव, दानाचा तपशील हे सारे संस्कृतात आहे, मग शाप तेवढा मराठीत का? हसणे त्या क्षणी थांबे. राजाची बिरुदे गावकऱ्याला कळली नाहीत तरी चालणार होते, पण शाप त्याला कळणे आवश्यक होते. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठी तोच शाप चित्रातही कोरावा लागला. म्हणजे लिहिणाऱ्याला ठाऊक होते की हा दगड कोण पाहणार आहे आणि त्याची भाषा कोणती आहे. आपल्या भाषेच्या आरंभीच्या लेखी खुणा राजदरबारी स्तुतीत सापडत नाहीत तर अशा ठिकाणी सापडतात, हे समजल्यावर मुलींच्या माना वर आल्या. पुढे माझ्या वर्गातील एकीने याच दगडांवर एम.ए.चा लघुप्रबंध लिहिला. त्या काळी मुलीने हा विषय घेतला म्हणून घरात कुरबूर झाली तेव्हा सर तिच्या आजीला भेटायला कळव्याला गेले होते. आजींशी त्यांचे काय बोलणे झाले ते त्यांनी कधी सांगितले नाही, परंतु प्रबंध पूर्ण झाला.

मुलींच्या बाबतीत ते एक गोष्ट न चुकता करत. अलिबाग, उरण किंवा भिवंडी तालुक्यातील एखाद्या गावी जायचे ठरले, की प्रत्येक मुलीच्या घरी त्यांच्या हस्ताक्षरातील पत्र जाई. त्यात जाण्यायेण्याच्या एसटीच्या वेळा, गावात ज्या घरी दुपारी थांबायचे त्या घरातील कर्त्या माणसाचे नाव, सोबत कोण कोण आहे, आणि परतताना कोणती लोकल मिळेल, हे सर्व लिहिलेले असे. मोबाइल तेव्हा नव्हते. माझ्या वडिलांनी ती पत्रे जपून ठेवली. ते म्हणत, की एवढ्या बारकाईने आमच्या कचेरीत कोणी दौऱ्याचा कार्यक्रम आखत नाही.

बातमीतील एका विधानाची दुरुस्ती येथेच करणे योग्य ठरेल. एका खेडेगावातील गधेगाळ ‘सरांनी शोधून काढला’ असे त्यात म्हटले आहे. सरांनी त्या लेखावर जे टिपण लिहिले त्याची पहिलीच ओळ सांगते, की हा दगड ज्यांच्या शेताच्या बांधावर पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे त्या शेतकरी कुटुंबाने तो दाखवला. सरांचा यावर कटाक्ष असे. असे दगड बहुधा कोणाच्या तरी शेतात, पाणवठ्यावर किंवा देवळाच्या आवारात असतात. त्यांना शेंदूर लागलेला असतो, नारळ फुटत असतो, आणि शेंदराच्या थराखाली अक्षरे बुजलेली असतात. सरांनी कोणाच्याही देवाचा शेंदूर कधी खरवडला नाही. ते घरच्या वडीलधाऱ्या माणसापाशी बसत, आपण कशासाठी आलो आहोत ते सांगत, त्यावर राजाचे नाव असण्याची शक्यता आहे म्हणत, आणि नकार आला तर चहा पिऊन परत फिरत. एका घरी असाच नकार मिळाला होता. पुढे घरच्या लोकांनीच देवाचे शेंदराचे कवच उतरवण्याचा त्यांचा विधी केला, त्या वेळी सरांना आपणहून निरोप धाडला आणि ठसा घेऊ दिला. या लोकांना वगळून ‘शोधला’ म्हणणे सरांना मान्य झाले नसते.

मार्गदर्शक म्हणून त्यांच्याकडे पीएच.डी. करणे सोपे नव्हते. प्रकरण दिले की दोन-तीन दिवसांत परत येई, आणि समासात पेन्सिलीने एकच प्रश्न जागोजागी लिहिलेला असे: ‘कशावरून?’ बोरिवलीजवळ एक्सरला जे मोठे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, आहेत, त्यांवर नौकांची लढाई कोरलेली आहे. ही लढाई शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यामधली, असे अनेक पुस्तकांत लिहिलेले असते. माझ्या एका मैत्रिणीने प्रबंधात तसेच लिहिले. सरांनी समासात तोच प्रश्न लिहिला, आणि भेटीत विचारले, की या दगडांवर सोमेश्वराचे नाव वाचता येईल असा लेख तुला मिळाला का? नव्हता मिळाला. मग लढाई समुद्रावरची आहे एवढे दगड सांगतो आणि सोमेश्वर व महादेव ही नावे अभ्यासकांनी सुचवली आहेत, या दोन गोष्टी दोन वेगळ्या वाक्यांत लिही, असे त्यांनी सांगितले. अलिबागजवळच्या अक्षीच्या शिलालेखाबाबतही तसेच. त्याचा शक ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा वाचून तो मराठीतील सर्वांत जुना लेख मानला जातो, पण त्या वाचनाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. सर दोन्ही बाजू मांडत, आणि मराठी जुनी ठरावी म्हणून एका बाजूला वजन टाकायला ते तयार नसत. मराठीवर त्यांचे प्रेम कोणापेक्षा कमी होते असे मुळीच नाही. त्यांच्या घरी शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या १९६३च्या ग्रंथाची जी प्रत होती तिची पाने वाचून वाचून मऊ झालेली होती.

ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, भिवंडी या पट्ट्यातून मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात येणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलांवर त्यांचे विशेष लक्ष असे. वा. वि. मिराशींनी संपादित केलेला शिलाहारांच्या लेखांचा इंग्रजी खंड १९७७ साली निघाला; तो वाचल्याशिवाय या विषयात पुढे जाता येत नाही, आणि आमच्यापैकी अनेकांना त्याचे एक पान वाचायला अर्धा दिवस लागे. सर आठवड्यातून दोनदा सकाळी, नौपाड्यातील आपल्या घरी, तो खंड ओळीओळीने वाचून घेत. वागळे इस्टेटमध्ये रात्रपाळी करणारा एक विद्यार्थी पाळी संपवून थेट तेथे येई. त्याला झोप लागली तर सर आवाज खाली आणत, पण वाचन थांबवत नसत, आणि तो जागा झाला की सुटलेला भाग त्याच्यासाठी पुन्हा घेत. इंग्रजीची लाज वाटणाऱ्यांना ते भगवानलालांचेच उदाहरण देत: भगवानलाल आपले निबंध गुजरातीत लिहीत, त्यांतील कित्येकांचे इंग्रजी रूपांतर जर्मन प्राच्यविद्यापंडित जॉर्ज ब्यूलर यांनी केले, आणि हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. आधी आपल्या भाषेत नेमके लिही, इंग्रजीचे आपण मागाहून पाहू, हे सरांचे सांगणे त्यामुळे पोकळ दिलासा वाटत नसे. त्या रात्रपाळीच्या विद्यार्थ्याने आपला प्रबंध मराठीत लिहिला आणि तो आज एका ग्रामीण महाविद्यालयात विभागप्रमुख आहे. त्याच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या नोंदी मी पाहिल्या आहेत. दगड दाखवणाऱ्या माणसाचे नाव त्यांतही पहिल्या ओळीत असते.

निवृत्तीनंतर सरांची दृष्टी हळूहळू कमी होत गेली. ज्याने जन्मभर अक्षराच्या कडा पाहिल्या त्याला हे किती जड गेले असेल याची कल्पना करवत नाही, परंतु तक्रार म्हणून त्यांच्या तोंडून काही ऐकले नाही. शेवटची काही वर्षे ते ठसे बोटांनी चाचपून वाचायचा प्रयत्न करत, आणि आम्हांला मजकूर वाचायला लावून मध्येच थांबवत. रुग्णालयात ते फार काळ नव्हते. आपल्यामागे शोकसभा घेऊ नये असे त्यांनी घरच्यांना सांगून ठेवले होते आणि ते पाळले गेले. जवाहरबाग स्मशानभूमीत जमलेल्यांत विद्यापीठातील मंडळी थोडी होती, विद्यार्थी पुष्कळ होते, आणि गधेगाळ ज्यांच्या बांधावर आहे त्या कुटुंबातील दोघे जण पहाटेची एसटी पकडून आलेले होते.

सरांचे नाव एखाद्या चौकाला द्यावे अशी सूचना काही स्नेह्यांनी केली आहे. त्यांची भावना मी समजू शकते, परंतु माझे मत वेगळे आहे. सरांच्या घरी पत्र्याच्या पेट्यांत शेकडो ठसे गुंडाळून ठेवलेले आहेत, आणि प्रत्येकाबरोबर एक कार्ड आहे: गाव, जागा, दगडाची मापे, तारीख, हवामान, दाखवणाऱ्याचे नाव, आणि वाचनाबद्दलच्या शंका. यांतील काही दगड नंतरच्या काळात रस्तारुंदीत आणि इमारतींच्या पायात नाहीसे झाले. त्यांच्यापुरते आता हे कागदच उरले आहेत. ठसे पातळ झाले आहेत, काहींना वाळवी लागण्याची भीती आहे. चौकाच्या पाटीवर जो खर्च व्हायचा तो या कागदांना आम्लरहित वेष्टनांत ठेवण्यावर, त्यांची उत्तम प्रतीची छायाचित्रे काढण्यावर आणि कार्डांची सूची छापण्यावर झाला, तर सरांनी जे मोजके लेखन केले त्याच्या कितीतरी पट लेखन अभ्यासकांच्या हाती येईल. ठाणे, पालघर आणि रायगड जिल्ह्यांतील शाळांना त्या सूचीवरून आपल्या गावच्या दगडाची माहिती मुलांना देता येईल. सरांच्या कुटुंबीयांची याला पूर्ण संमती आहे आणि पेट्या एखाद्या ग्रंथालयाकडे सोपवण्याची त्यांची तयारी आहे.

आम्ही काही विद्यार्थ्यांनी रविवारी सकाळी जमून कार्डे उतरवून घेण्याचे काम सुरू केले आहे. बरेचसे ठसे सरांनी वेळोवेळी विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी घरी दिलेले होते, त्यांची कार्डे पेटीत आहेत पण कागद नाहीत. आपल्या वृत्तपत्राचे वाचक दूरवर आहेत, म्हणून आपल्यामार्फत सरांच्या सर्व माजी विद्यार्थ्यांना विनंती करते, की ज्यांच्याकडे असे ठसे, दौऱ्यांची जुनी छायाचित्रे किंवा सरांनी पेन्सिलीने तपासलेली प्रकरणे असतील त्यांनी ती या वृत्तपत्राच्या ठाणे कार्यालयाच्या पत्त्यावर आमच्यासाठी पाठवावीत. ठसा घडी करून पाठवू नये, नळकांड्यात गुंडाळून पाठवावा. आणि मूळ कागद ज्यांना परत हवा असेल त्यांनी सोबतच्या चिठ्ठीवर तसे लिहावे, छायाचित्र घेऊन तो परत केला जाईल.

आपली नम्र,
सरांची एक माजी विद्यार्थिनी
नौपाडा, ठाणे (पश्चिम)
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे, तो प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)